मालाडची खाडी: मुखापासून शेंड्यापर्यंत

पाणलोट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पावसाळा तोंडावर आला की भरतीचं वेळापत्रक सोसायटीच्या गटांवर फिरू लागतं. त्यातल्या आकड्यांचा आपल्या गल्लीशी संबंध काय, हे कळायचं तर आधी आपली खाडी नीट ओळखीची हवी. अंधेरी पश्चिमेपासून कांदिवली पश्चिमेपर्यंतच्या पट्ट्यात छपरावर, रस्त्यावर, मैदानात पडणारं बहुतेक पाणी शेवटी मालाडच्या खाडीत जातं. लोकलमधून ही खाडी दिसत नाही. लिंक रोडवरूनही इमारतींच्या फटीतून हिरवा पट्टा तेवढा दिसतो. तिच्या काठावर राहणाऱ्यांनाच ती अनोळखी राहिली आहे, म्हणून हा धागा काढतोय. प्रत्येकाने आपल्या भागाची भर घालावी, ही विनंती.

मुखापासून सुरुवात करू. वेसावे कोळीवाडा वाळूच्या एका लांबट जिभेवर वसला आहे. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला खाडी. या जिभेचं उत्तरेकडचं टोक आणि समोरचा मढ यांच्यामधली चिंचोळी वाट म्हणजे खाडीचं मुख. मढच्या टोकाला वेसावे किल्ला आहे, काहीजण त्याला मढचा किल्ला म्हणतात. बांधला पोर्तुगिजांनी, वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. किल्ल्यासाठी ती जागा का निवडली असेल ते तिथे गेल्यावर लगेच कळतं, कारण आत शिरणारी प्रत्येक होडी त्याच्या नजरेखालून जाते.

मुखातून आत आलं की खाडी सरळ पूर्वेला न जाता किनाऱ्याला जवळजवळ समांतर उत्तरेकडे वळते. डाव्या हाताला मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे ही गावांची पट्टी. उजव्या हाताला वेसावे, लोखंडवाला, मग गोरेगाव पश्चिमेचं भगतसिंग नगर, बांगूर नगर, पुढे मालाडचं माइंडस्पेस आणि शेवटी मालवणीचा परिसर. मधे तिवरांचं (खारफुटीचं, म्हणजेच कांदळवनाचं) रान आणि त्यात शिरलेल्या असंख्य लहान नाळी.

हिला गोडं पाणी देणाऱ्या नद्या मुख्यतः दोन. ओशिवरा आरेच्या डोंगरात उगम पावते, गोरेगाव पूर्वेत वालभाट तिला मिळते, मग द्रुतगती महामार्ग, रेल्वे, एस. व्ही. रोड, लिंक रोड ओलांडून ती खाडीत उतरते. पोयसर राष्ट्रीय उद्यानातून निघते आणि कांदिवलीच्या डहाणूकरवाडीवरून खाली येते. दोन्हींची लांबी जेमतेम सात-आठ किलोमीटर. उगमाकडे चांगला उतार, पण शेवटच्या टप्प्यात जमीन जवळजवळ सपाट. आपल्या बहुतेक अडचणी त्या सपाट टप्प्यात आहेत. याशिवाय मोगरा नाल्यासारखे मोठे नाले आहेतच.

आता तुम्ही सांगा.

वेसावकर नाखवा

दादा, चांगला विषय काढलात. मुखाबद्दल मी सांगतो, आमचा रोजचा रस्ता आहे तो.

मुखाशी गाळ साठलाय. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मोठी बोट आत-बाहेर होत नाही, तळ लागतो. समुद्रावरून आलेली बोट म्हावरं भरलेलं असूनही बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघते. बर्फ वितळतो, भाव पडतो. गाळ काढा म्हणून गावाची मागणी जुनी आहे. थोडा काढतात, पावसाळ्यात नद्यांबरोबर माती येते आणि वाळू परत तोंडाशी बसते.

वेळापत्रक मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी आमच्या घराघरातला हिशेब देतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती. मुंबईच्या किनाऱ्याला हे बरोबर लागू पडतं, थोडं मागेपुढे होईल इतकंच.

उधाण पुनव-अवसेला सुरू होतं, पण खरा जोर द्वितीया-तृतीयेपर्यंत असतो. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे लहान भरती, तेव्हा पाण्याला ओढ नसते. आमची डोल जाळी पाण्याच्या ओढीवरच चालते. जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे करून रोवायचं, ओढीने बोंबील आणि जवळा आपोआप आत येतो. म्हणून भांगाला जाळ्यात कमी सापडतं.

गोरेगावची माई

माहितीबद्दल आभार. एक शंका आहे. आमच्याकडे काही लोक हिला मनोरीची खाडी म्हणतात, काही मार्वेची. एकच आहे का सगळं? गोराईला जाताना जी ओलांडतो ती कुठली?

पाणलोट (धागाकर्ता)

माई, दोन वेगळ्या खाड्या आहेत. गोराईला किंवा मनोरीला जाताना ओलांडता ती मनोरीची खाडी. तिचं मुख मार्वे आणि मनोरी यांच्यामधे, वेसाव्याच्या बरंच उत्तरेला. तिला दहिसर नदी मिळते, जी तुळशी तलावाच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानातून बोरिवली-दहिसरकडे येते. मालाडच्या खाडीचं मुख वेसावे-मढ.

दोन्हींच्या मधे मढ-मार्व्याची पट्टी आहे आणि ती मालवणीशी मुख्य जमिनीला जोडलेली आहे. गोंधळ होतो तो मालवणीच्या मागे, कारण तिथे दोन्हीकडची तिवरं एकमेकांच्या बरीच जवळ येतात. जुन्या नोंदींत साष्टीच्या (आपली उपनगरं ज्यावर आहेत त्या बेटाच्या) पश्चिमेला मढ, जुहू, धारावी (म्हणजे गोराई-उत्तनचं बेट, शीवजवळची धारावी नव्हे) अशी वेगळी बेटं मोजली आहेत. आपण एकसलग समजतो ती जमीन खाड्यांनी चिरलेली होती. जुहू आणि विलेपार्ले यांच्यामधल्या खाडीचा उरलेला भाग म्हणजे आजचा इर्ला नाला.

चाकरमानी_४२०६४

भूगोल वगैरे ठीक आहे, पण आम्ही लिंक रोडच्या पलीकडे राहतो आणि आम्हाला रोज येतो तो वास. खाडी कसली, गटार झालंय तिचं. संध्याकाळी ओहोटी असली की खिडक्या लावून बसावं लागतं. पाण्यात प्लास्टिक, थर्माकोल, काय नाही ते. लहान मुलांना काठावर नेऊन काय दाखवायचं?

रेखांश

चाकरमानी, तुमचा राग रास्त आहे. मी स्थापत्य अभियंता, सगळी नोकरी पावसाळी पाण्याच्या कामात झाली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ओहोटीला वास येतो याचं कारण सरळ आहे. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि मैला पातळ होतो. ओहोटीला ते निघून गेलं की नाळींत उरतं ते फक्त नाल्यांतून येणारं पाणी, आणि पावसाळा सोडला तर या नद्यांत झऱ्याचं पाणी नगण्य. उरतं ते सांडपाणी. म्हणजे खाडी घाण करत नाही, आपण वरून जे सोडतो ते ती दिवसातून दोनदा उघडं करून दाखवते.

मुंबईत सांडपाणी शुद्धीकरणाचे सात मोठे प्रकल्प हाती घेतलेत, २०२३ च्या जानेवारीत भूमिपूजन झालं. त्यातला मालाडचा रोज ४५ कोटी ४० लाख लिटरचा, वेसाव्याचा १८ कोटींचा. हे दोन्ही आपल्या खाडीशी थेट संबंधित. ते पूर्ण क्षमतेने चालले तर फरक पडेल, पण एका अटीवर. झोपडपट्ट्यांतून आणि जुन्या इमारतींतून जे सांडपाणी मलवाहिनीत न जाता थेट पावसाळी नाल्यात पडतं ते अडवून प्रकल्पापर्यंत न्यायला हवं. नाल्यातून आलेलं पाणी प्रकल्पाला वळसा घालून खाडीतच जाणार.

आता भरतीच्या आकड्याबद्दल, कारण यावर दरवर्षी गैरसमज होतो. ‘आज ४.८ मीटरच्या लाटा’ असं बातमीत येतं. ती लाटेची उंची नसते, ती पाण्याची पातळी असते, आणि मोजली जाते सागरी नकाशाच्या शून्यापासून. तो शून्य अगदी खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेला आहे. समुद्राची सरासरी पातळी त्याच्या साधारण अडीच मीटर वर. म्हणजे ४.८ ची भरती सरासरीच्या सव्वादोन मीटर वर जाते. वारा असेल तर लाटा त्याच्यावर वेगळ्या.

आपल्या मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, भांगाला दीड मीटरच्या आसपास. म्हणून उधाणाच्या दिवशी धोका भरतीच्या दोन-तीन तासांपुरता असतो, पण तेवढ्या वेळात नाल्याच्या तोंडाशी खाडीचं पाणी नाल्यातल्या पाण्यापेक्षा वर असतं. मोरीच्या तोंडावर फडकं दाबून वरून बादल्या ओताव्यात, तशी गत होते. ओतणं थांबत नाही, पाणी मात्र जात नाही.

साठ्ये कॉलेजची मिनू

अंधेरीचा सबवे दरवर्षी भरतो तोही याचमुळे का? मला तिथून रोज जावं लागतं.

रेखांश

हो, मोठ्या प्रमाणात. सबवे आसपासच्या जमिनीपेक्षा खाली, मोगरा नाल्याच्या पाणलोटात, आणि मोगरा नाला शेवटी मालाडच्या खाडीत. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने (मुंबईच्या पावसाळी गटारांच्या सुधारणेचा अहवाल) मुंबईसाठी आठ ठिकाणी पंपिंग स्टेशनं सुचवली. नाल्याच्या तोंडाशी दारं बसवायची, भरतीला दारं बंद, आतलं पाणी पंपांनी खाडीत फेकायचं. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल मागे राहिली. इर्ल्याचं झाल्यावर जुहू-पार्ल्याच्या बाजूला जो दिलासा मिळाला तो अंधेरीला मोगऱ्याशिवाय मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. नंतर लक्ष्य दुप्पट केलं, ५० मिलिमीटर. पण नाला कितीही रुंद केला तरी तोंडाशी खाडी वर असेल तर रुंदीचा उपयोग साठवणीपुरताच.

पाणलोट (धागाकर्ता)

रेखांश यांनी लिहिलंय त्याला २६ जुलै २००५ ची जोड देतो, आणि नाखव्यांचा हिशेब वापरूनच.

त्या वर्षी गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. २६ ला पाच दिवस उलटले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार. भरती खरोखरच दुपारी चारच्या सुमाराला होती आणि पातळी जवळपास साडेचार मीटर. पावसाचा मोठा जोर दुपारी अडीचनंतर सुरू झाला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाब्याला ७४. म्हणजे ढग आपल्या उपनगरांवर फुटला, आणि नेमका खाडी चढत असताना.

त्या पुरानंतर सगळी चर्चा मिठीची झाली. ते योग्यही होतं, तिच्या काठी फार माणसं गेली. पण ओशिवरा आणि पोयसर यांच्या काठीही घरं बुडाली होती, आणि त्यांच्या पाण्याचं शेवटचं दार ही आपली खाडी. मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झालं. आपल्या दोन नद्यांची नावं नागरिकांच्या तोंडी यायला पुढची कितीतरी वर्षं जावी लागली. अजूनही निम्मे लोक त्यांना नालाच म्हणतात.

मढची सून

सगळे इकडच्या काठावरून लिहिताय, म्हणून पलीकडून लिहिते. 😊

आमच्याकडून वेसावे समोर दिसतं. तरीतून (माणसं ने-आण करणाऱ्या होडीतून) गेलं तर काही मिनिटं, लोक स्कूटरही तरीवर चढवतात. रस्त्याने जायचं तर मार्वे, मालवणी, मीठ चौकी, मग लिंक रोड, असा वीस-बावीस किलोमीटरचा फेरा. पुलाचं बऱ्याच वर्षांपासून चाललंय. पूल झाला तर दवाखान्यात न्यायची सोय होईल हे खरं. पण तरीवाल्यांचं आणि खांबांमुळे होड्यांच्या वाटेचं काय, हे गावाला विश्वासात घेऊन ठरवावं, एवढंच आमचं म्हणणं.

खाडीचं आमच्या बायकांना काय आहे ते सांगते. उधाणाची सुकती लागली की पाणी फार लांब जातं आणि खडक उघडे पडतात. तेव्हा सासूबाई कालवं काढायला जायच्या. हातात छोटी लोखंडी कोयती, कमरेला डबा. खडकाला चिकटलेल्या शिंपल्याच्या कडेला नेमका एक टोला, वरचं झाकण उडतं आणि आतला गर टोकाने उचलून डब्यात. खडक खरबरीत, हातापायाला सतत कापतं. चिखलात तिसऱ्या मिळायच्या, तिवरांच्या मुळाशी चिंबोऱ्या आणि निवट्या. पाणी परत फिरलं की लगेच निघायचं, कारण नाळींमधून ते मागच्या बाजूने आधी भरतं आणि माणूस मधे अडकतं. हे त्या मला पहिल्या दिवसापासून बजावायच्या.

आता आतल्या भागातली कालवं आम्ही खात नाही. मुखाजवळ समुद्राच्या अंगाला मिळतात तेवढीच. चाकरमानी दादांनी वासाचं लिहिलं, ते आमच्या ताटापर्यंत पोचलंय.

वेसावकर नाखवा

वहिनी, शंभर टक्के. खाडीतली बोय आमच्या लहानपणी गळाला लागायची. आता पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकला की आधी पिशव्या निघतात. जिताडा आत चढायचा पावसाळ्यात, तो दुर्मीळच झाला. सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, तेव्हा बोटी खाडीत ओढून ठेवतो. त्या दोन महिन्यांत घरात खाडीचंच म्हावरं शिजायचं. खाडी मेली तर लहान कोळ्याला पावसात आधार राहत नाही.

तिवरपक्षी

तिवरांबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते.

मालाडच्या खाडीत मुख्य झाड तिवर. ओहोटीला काठावर उभं राहिलात तर चिखलातून पेन्सिलीएवढी सरळ वर आलेली हजारो मुळं दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वासासाठी ती वर काढतं. पानाच्या मागच्या बाजूला मिठाचा बारीक थर हाताला लागतो, शोषलेलं मीठ पान तिथून बाहेर टाकतं. याच मुळांच्या जाळीत पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. त्यामुळे तिवरं तोडली की काठ सुटतो आणि तो गाळ मधल्या वाटेत जातो. नाखवाकाका मुखाच्या गाळाबद्दल म्हणाले, त्यात याचाही वाटा आहे.

शिवाय भराव. लोखंडवाला संकुल उभं राहिलं ते दलदलीवर. माइंडस्पेसच्या जागी आधी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. भरतीचं पाणी पूर्वी जिथे पसरायचं ती जागा घेतली की तेवढंच पाणी उरलेल्या जागेत वर चढतं. हा साधा हिशेब नगररचनेच्या नकाशात दिसत नाही.

दिलासा देणारी गोष्टही आहे. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरं तोडायला, त्यांच्यावर भराव टाकायला बंदी घातली आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही बांधकामातून वगळला. २०१८ च्या निकालाने ते कायम केलं. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला. तेव्हा रात्री राडारोड्याचा ट्रक दिसला तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणू नका. फोटो, वेळ, जागा टिपून कांदळवन कक्षाकडे आणि पोलिसांकडे तक्रार करा. आमच्या गल्लीच्या टोकाला एका बिल्डरने टाकलेला भराव अशाच तक्रारींमुळे उचलला गेला. वेळ लागला, पण उचलला गेला.

चाकरमानी_४२०६४

तिवरपक्षी, हे माहीत नव्हतं. आमच्या मागच्या बाजूला दर शनिवारी रात्री ट्रक येतात. या वेळी फोटो काढतो. तक्रारीत जागा कशी लिहायची? तिथे रस्त्याला नाव नाही.

तिवरपक्षी

मोबाईलच्या नकाशावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश मिळतात, तेच लिहा. जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर दिलात तर अधिकाऱ्याला जागेवर पोचणं सोपं जातं. एकट्याने जवळ जाऊ नका. गच्चीवरून काढलेला फोटो पुरतो.

गोरेगावची माई

नातवाला घेऊन खाडी बघायची असेल तर कुठे जावं? सुरक्षित जागा सांगा.

पाणलोट (धागाकर्ता)

माई, सगळ्यात सोपं म्हणजे वेसाव्याहून मढला तरीने जाऊन परत या. मुख, कोळीवाडा, बोटी, किल्ला, दोन्ही काठ एका फेरीत दिसतात. भरती चढती असताना जा, म्हणजे धक्क्यावर चढ-उतार सोपी होते. अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडलात तर पाण्याला ओढही कमी. पावसाळ्यात तरीचं काही सांगता येत नाही, तेव्हा दिवाळीनंतरच ठरवा. जानेवारीत एरंगळच्या चर्चची जत्रा असते, ते चर्च १५७५ सालचं आहे. जत्रेच्या रविवारी मात्र तरीला गर्दी फार, लहान मूल बरोबर असेल तर दुसरा दिवस धरा.

तिवरं जवळून बघायला नाळींमधे उतरू नका, मढच्या वहिनींनी का ते सांगितलंच आहे.

रेखांश, एक विनंती. मोगरा नाला, ओशिवरा आणि पोयसर यांचे पाणलोट दाखवणारा हाताने काढलेला नकाशा इथे टाकता येईल का? म्हणजे ज्याला त्याला आपली इमारत कोणाच्या पाण्यात येते ते शोधता येईल. नाखवा, तुम्ही त्यावर मुखाजवळच्या गाळाच्या जागा आणि बोटींची वाट दाखवलीत तर फार उपयोग होईल.

रेखांश

टाकतो, रविवारपर्यंत. गोरेगाव-मालाडच्या मधले लहान नाले माझ्याकडे नीट नाहीत. तिथल्या रहिवाशांनी आपापल्या नाल्याचं नाव आणि तो लिंक रोड कुठे ओलांडतो तेवढं लिहून ठेवा.

वेसावकर नाखवा

वाट मी दाखवतो. पण ती दर पावसाळ्यानंतर सरकते. नारळी पुनवेनंतर बोटी बाहेर काढताना बांबू रोवून नवी खूण करतो, तेव्हाची घ्या.